खेळातला न्याय आणि विनयातला न्याय

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासिका मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला विहाराच्या व्यासपीठावरून बोलायचं म्हणजे विषय कसा भारदस्त हवा, अशी आपली सर्वांची अपेक्षा असते. आम्ही मात्र आज मोबाईलवरच्या बुद्धिबळाबद्दल बोलणार आहोत. समितीतल्या काही ज्येष्ठांनी आम्हाला आधीच विचारलं, "अरे, पंचशील सोडून हे खेळाचं काय काढलंत?" त्यांना आम्ही एवढंच म्हणालो, "काका, आधी ऐकून घ्या. हे पंचशीलाचंच आहे."

दुसरी शंका त्याहून नेमकी होती. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात भिक्खूंनी ज्या खेळांपासून दूर राहावं त्यांची यादी आहे, आणि तिच्या सुरुवातीलाच आठ घरांचा पट आणि दहा घरांचा पट येतो. मग विहारात बुद्धिबळ कसं चालतं? शंका रास्त आहे. पण ती यादी घरदार सोडलेल्या भिक्खूंसाठी आहे. गृहस्थांसाठी सिगालोवाद सुत्त आहे. त्यात जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येतं, हरणारा गेलेल्या पैशासाठी झुरतो, सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, वगैरे. आपल्या विहारात पैसे लावून कधी खेळलं गेलं नाही आणि जाणारही नाही. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनेच कायदा करून बंदी आणली. तेव्हा त्या बाजूने आम्ही निर्धास्त आहोत. मात्र सिगालोवादातला एक तोटा पैसे न लावताही आमच्या वाट्याला आला, तो म्हणजे वैर. त्या वैराचीच ही हकिगत आहे.

आपल्या अभ्यासिकेत रविवारचा बुद्धिबळ वर्ग पूर्वीपासून होता. चार पट, त्यातल्या एकात हत्तीच्या जागी खडू ठेवलेला. २०२० मध्ये कोरोनामुळे विहाराला कुलूप लागलं आणि मुलं घरच्या मोबाईलवर खेळू लागली. या खेळाची मोठी संकेतस्थळं आहेत. चेस डॉट कॉम २००७ पासून आहे, आणि २०२२ च्या अखेरीस तिथल्या सभासदांची संख्या दहा कोटींवर गेली. लिचेस २०१० मध्ये एका फ्रेंच तरुणाने सुरू केलं. ते पूर्ण मोफत आहे, देणग्यांवर चालतं, आणि त्याची घडण कुणालाही पाहता येते. शिवाय इतर लहानमोठी संकेतस्थळंही आहेतच.

आमच्या मुलांना त्यात काय मिळालं, ते समजून घ्या. तिथे कुणी आडनाव विचारत नाही. कुठल्या वस्तीतला, कुठल्या शाळेतला, फी भरली का, काही नाही. समोर ब्राझीलचा कुणी असेल, नाहीतर पोलंडचा. तुमची ओळख म्हणजे एक आकडा, त्याला म्हणतात रेटिंग. अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी ही पद्धत बसवली आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये ती स्वीकारली. हिशोब साधा आहे. दोघांचं रेटिंग सारखं असेल तर निकाल निम्मा-निम्मा अपेक्षित. एकाचं दोनशेने जास्त असेल तर त्याला शंभरातले सुमारे पंचाहत्तर गुण मिळतील, अशी अपेक्षा. अपेक्षेपेक्षा चांगलं खेळलात तर आकडा चढतो, वाईट खेळलात तर उतरतो. वशिला नाही, शिफारस नाही. एका मुलाने आम्हाला म्हटलं, "दादा, इथे आपण जेवढे आहोत तेवढेच दिसतो." ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या जेवढे आहोत तेवढं दिसू दिलं नाही, त्या समाजातल्या पोराने हे म्हणावं, याचा अर्थ मोठा आहे.

म्हणूनच त्या आकड्याला कुणी धक्का लावला की मुलांना जे दुःख होतं, त्याला "अरे, खेळच आहे" म्हणून उडवून लावू नका.

धक्के तीन प्रकारचे बसले. पहिला म्हणजे समोरच्याची लबाडी. १९९७ च्या मे महिन्यात डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं, तेव्हा त्यासाठी कपाटाएवढं यंत्र लागलं होतं. आज स्टॉकफिश नावाची फुकट मिळणारी प्रणाली कुणाच्याही मोबाईलवर चालते आणि जगज्जेत्यालाही भारी पडते. समोरचा एका हाताने आपल्याशी खेळतोय आणि दुसऱ्या हातातल्या मोबाईलला चाल विचारतोय, हे आपल्याला दिसत नाही. दोन तास मन लावून खेळणारं पोर यंत्रापुढे हरतं आणि त्याला वाटतं की आपल्यालाच येत नाही.

दुसरा धक्का शिवीगाळीचा. आमच्यातल्या एकाने खेळाच्या नावात 'भीम' हा शब्द घेतला होता. हरल्यावर समोरच्याने इंग्रजी अक्षरांत आपल्या भाषेतली जातिवाचक शिवी लिहिली. यानेही एक शिवी हासडली. तक्रार केली तर दोघांचंही बोलणं बंद! इंग्रजी शिव्या यंत्राला ओळखता येतात. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली आपल्याकडची शिवी कुणाला, कशासाठी, किती खोल लागते, हे त्या यंत्राला कुठून कळणार? आधी कोण बोललं, हेही कुणी पाहिलं नाही. आमचा मुलगा म्हणाला, "दोघांना सारखी शिक्षा म्हणजे समता का?" आम्हाला उत्तर सुचलं नाही.

तिसरा धक्का सगळ्यात मोठा. आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलाचं खातं एका सकाळी कायमचं बंद झालं. कारण एका ओळीचं: नियमभंग. कुठल्या डावात, कुठल्या चालीला, काही नाही. आम्ही मंडळाच्या वतीने विनंतीपत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी छापील साच्याचं उत्तर आलं की निर्णय अंतिम आहे आणि तपासाची पद्धत सांगता येत नाही. आम्ही पुन्हा लिहिलं. तेच उत्तर अक्षरशः पुन्हा आलं. मग मात्र आमचं रक्त तापलं. विहारात बैठक झाली, भाषणं झाली. "गरिबाच्या पोराचं रेटिंग वाढलं की यांच्या डोळ्यांत खुपतं" इथपर्यंत मजल गेली. हे वाक्य बोलणारे आम्हीच होतो, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

त्या बैठकीत आम्ही जी उदाहरणं दिली, ती खरी होती. ती आजही सांगण्यासारखी आहेत.

१३ जून २०२१ ला विश्वनाथन आनंद यांच्याबरोबर कोरोना मदतनिधीसाठी प्रदर्शनीय सामने झाले. त्यात उद्योजक निखिल कामत यांनी पाच वेळच्या जगज्जेत्याला हरवलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःच जाहीर केलं की आपण जाणकारांची आणि संगणकाची मदत घेतली होती, आणि माफी मागितली. त्यांचं खातं बंद झालं, पण काही दिवसांतच ते परत सुरू झालं. सामना रेटिंगचा नव्हता आणि आनंद यांना प्रकरण वाढवायचं नव्हतं, असं कारण देण्यात आलं. कारण नियमात बसत असेलही. पण आमच्या पोरांनी आम्हाला विचारलं, "त्यांना कारण सांगितलं, मग आपल्याला का नाही?"

दुसरं उदाहरण २०२० च्या ऑनलाइन ऑलिम्पियाडचं. ३० ऑगस्टला भारत आणि रशिया यांच्यात अंतिम सामना चालू होता. जगभर इंटरनेटमध्ये बिघाड झाला, आणि निहाल सरिन व आपल्या नागपूरची दिव्या देशमुख यांचे डाव संपर्क तुटून वेळेवर गेले. दिव्या तेव्हा चौदा वर्षांची होती. पुढे २०२५ मध्ये तिने महिलांचा विश्वचषक जिंकला. भारताने दाद मागितली आणि फिडेच्या अध्यक्षांनी दोन्ही देशांना सुवर्णपदक दिलं. आपण पेढे वाटले. पण दोनच दिवस आधी उपांत्यपूर्व फेरीत काय झालं होतं? आर्मेनियाच्या एका खेळाडूचा संपर्क भारताविरुद्धच तुटला आणि तो डाव हरला. आर्मेनियाने दाद मागितली, ती फेटाळली गेली. आर्मेनियाचा संघ पुढची फेरी न खेळताच निघून गेला. एकीकडचा बिघाड जगभरचा होता आणि दुसरीकडचा एका खेळाडूपुरता, हा फरक आहे हे खरं. निर्णय चूक होते असं आम्ही म्हणत नाही. पण आर्मेनियाच्या त्या खेळाडूला त्या रात्री काय वाटलं असेल, याचा विचार आमच्यापैकी एकाने तरी केला होता का? नाही. न्याय आपल्या बाजूने लागला की त्यातली फट दिसत नाही, मंडळी.

तिसरं उदाहरण जगभर गाजलं. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला एकोणीस वर्षांच्या हान्स नीमानने जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनला समोरासमोर बसून हरवलं. दुसऱ्या दिवशी कार्लसन स्पर्धेतून निघून गेला. आधी तो काही बोलला नाही, नंतर त्याने संशय जाहीर केला. चेस डॉट कॉमने ७२ पानांचा अहवाल काढून म्हटलं की नीमानने ऑनलाइन शंभरहून अधिक डावांत मदत घेतली असावी. पण समोरासमोरच्या डावांत लबाडी केल्याचं त्यातही ठरलं नाही. नीमानने दहा कोटी डॉलरचा दावा लावला. २०२३ मध्ये न्यायालयाने तो काढून टाकला, मग तडजोड झाली आणि त्याचं खातं परत मिळालं. त्याच वर्षाच्या अखेरीस फिडेच्या आयोगाने सबळ कारणाशिवाय स्पर्धा सोडल्याबद्दल कार्लसनला दहा हजार युरो दंड केला. म्हणजे ज्याच्यावर संशय होता त्याने लहान वयात काही डावांत ऑनलाइन चूक केल्याचं स्वतःच कबूल केलेलं, आणि तरीही आरोप करणाऱ्यालाही जबाबदार धरलं गेलं. आम्हाला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

कारण आरोप ही हलकी वस्तू नाही. डॅनियल नारोडित्स्की हा अमेरिकन ग्रँडमास्टर इंटरनेटवर लाखो लोकांना हसतमुखाने बुद्धिबळ शिकवायचा. आमच्या काही मुलांनीही त्याच्याकडूनच शेवटचा डाव शिकला. २०२४ पासून माजी जगज्जेते व्लादिमिर क्रॅमनिक त्याच्या ऑनलाइन खेळाबद्दल जाहीर संशय घेत होते. त्याने आरोप साफ नाकारला होता. तो सिद्ध कधीच झाला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी नारोडित्स्कीचं निधन झालं. कशामुळे काय झालं हे जोडायचा आम्हाला अधिकार नाही. पण या संशयाचा त्याला किती त्रास होत होता, हे तो स्वतः बोलला होता. बातमी आली त्या संध्याकाळी अभ्यासिकेत पट मांडले गेले नाहीत.

आता नियम लावणाऱ्यांची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आम्हीही एकतर्फीच ठरू. लबाडी पकडतात कशी? डोळ्यांनी कुणी पाहत नाही. खेळाडूच्या चाली यंत्राच्या पहिल्या पसंतीशी किती जुळतात, त्याच्या नेहमीच्या कुवतीपेक्षा अचूकता किती वर गेली, सोप्या चालीला आणि अवघड चालीला सारखाच वेळ लागतो का, असं पुष्कळ डावांचं गणित मांडतात. म्हणजे हा सगळा अंदाजाचा पुरावा. पद्धत सांगितली तर लबाड लोक तिला चुकवायला शिकतील, म्हणून सांगत नाहीत. त्यात तथ्य आहे. रोज लाखो डाव, हजारो तक्रारी, प्रत्येकाशी पत्रव्यवहार कोण करणार? तेही खरं आहे. पण एक साधा हिशोब करून बघा. समजा एखादी चाचणी इतकी चांगली आहे की हजार निर्दोष माणसांत एकदाच चुकते. एक लाख निर्दोष खेळाडूंना ती लावली तर शंभर निर्दोष माणसं लबाड ठरतील. त्या शंभरांना दाद मागायला दार हवं की नको? मुलांचा राग खरा इथे आहे. हरल्याचा राग दोन दिवसांत जातो. आपलं कुणी ऐकलंच नाही, याचा राग जात नाही.

असो. आता आमच्याकडे येतो.

ज्या मुलाचं खातं बंद झालं, त्याच्यासाठी मोठं पत्रक काढायचं आम्ही ठरवत होतो. त्या वेळी विहारात वर्षावासासाठी आलेल्या भंतेजींनी आम्हाला विचारलं, "मुलाला विचारलंत का?" आम्ही म्हणालो, "त्यात काय विचारायचं, आमचा मुलगा आहे!" भंतेजी म्हणाले, "म्हणूनच विचारा." संध्याकाळी त्याला वडिलांसमोर बसवलं, चहा दिला आणि विचारलं. बराच वेळ तो पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिला. मग म्हणाला, "बाराशेच्या वर जात नव्हतं, दादा. सात-आठ डावांत घेतली मदत. तुम्ही सगळ्यांना सांगत होता ना, आपल्या विहाराचा मुलगा दीड हजाराला जाणार म्हणून." आम्ही गप्प झालो. चोरी त्याने केली, पण हाव आमची होती. न मिळालेले गुण घेतले, म्हणजे अदिन्नादान. ते माझे आहेत म्हणून सांगितले, म्हणजे मुसावाद. पंचशीलातली दोन शीलं एका बोटाच्या स्पर्शाने मोडली, आणि ती मोडायला आम्हीच त्याला ढकललं. पत्रक फाडून टाकलं. आज तो मुलगा नव्या मुलांना शिकवतो आणि स्वतःची ही गोष्ट स्वतःच सांगतो. म्हणूनच ती आम्ही इथे सांगू शकलो.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते.

गेल्या उन्हाळ्यात विहाराची ऑनलाइन स्पर्धा आम्ही घेतली. नियम आमचे, पंच आम्ही. तेरा वर्षांच्या एका मुलीने ओळीने चार मोठ्या मुलांना हरवलं. त्यातला एक पंचांपैकीच होता. त्याच रात्री त्याने तिचा डाव यंत्राला लावून पाहिला. दहातल्या नऊ चाली यंत्राशी जुळत होत्या. झालं! व्हॉट्सॲप ग्रुपवर आमचा निरोप गेला: "अमुक खेळाडूला लबाडीमुळे स्पर्धेतून बाद करण्यात येत आहे. निर्णय अंतिम राहील." निर्णय अंतिम राहील! हे शब्द आम्ही कुठून शिकलो होतो, ते आपल्याला कळलं असेलच. दुसऱ्या दिवसापासून मुलगी आली नाही. तिची आई दर पौर्णिमेला भोजनदानाच्या स्वयंपाकाला सर्वांत आधी यायची, तीही आली नाही. भांडण घराघरांत गेलं. दोन गट पडले. समितीच्या बैठकीत आवाज चढले, ते आपण सर्वांनी ऐकले आहेत.

पुढे तोच डाव आम्ही जिल्हा पातळीवर खेळलेल्या एका जाणत्या खेळाडूला दाखवला. तो हसला. म्हणाला, "डाव बावीस चालींचा. पहिल्या दहा चाली पुस्तकातल्या, त्या तुम्हीच तिला पाठ करून घेतल्यात. बाराव्या चालीला समोरच्याने वजीर फुकट घालवला. त्यानंतरच्या चाली माझी आजीसुद्धा बरोबर खेळेल. यंत्राशी जुळणार नाहीत तर काय?" तिच्या इतर डावांत चुकाही होत्या, साध्या, माणसाच्या चुका. ते डाव आम्ही पाहिलेच नव्हते. आणि तिला एका शब्दाने विचारलंही नव्हतं.

आम्ही तिच्या घरी गेलो. तिच्या आईने दार उघडलं, पाणी दिलं, बोलली नाही. मुलगी एवढंच म्हणाली, "दादा, मला आधी विचारायचं ना."

बंधू-भगिनींनो, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या विनयपिटकात हेच सांगितलेलं आहे. चुल्लवग्गात दब्ब मल्लपुत्त स्थविरांची कथा येते. त्यांच्याकडे संघाने जबाबदारी दिली होती निवासाच्या जागा आणि भोजनाची आमंत्रणं वाटून देण्याची. म्हणजे आजच्या भाषेत व्यवस्थापक. मेत्तिय आणि भुम्मजक यांच्या गटातल्या भिक्खूंना नेहमी हलक्या प्रतीची जागा आणि अन्न येई. एकदा चांगलं जेवण देणाऱ्या गृहस्थाकडे त्यांची पाळी लागली. पण त्या गृहस्थालाच हे भिक्खू पसंत नव्हते, त्याने त्यांना कण्या आणि आंबील वाढायला लावलं. यांना वाटलं, हे दब्बाचंच काम. वाटप करणाऱ्यावरचा राग कसा तयार होतो, बघा! त्या रागातून त्यांनी दब्बांवर शीलभ्रष्टतेचा खोटा आरोप रचला.

तथागतांनी काय केलं? ते सर्व जाणत होते, अशी आपली श्रद्धा आहे. तरीही त्यांनी संघ जमवला आणि सर्वांसमोर दब्बांना विचारलं, असं केल्याचं तुला आठवतं का? दब्ब म्हणाले, भगवंत मला जाणतातच. हे उत्तर तथागतांनी चालवून घेतलं नाही. केलं असेल तर केलं म्हण, नसेल तर नाही म्हण, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा दब्बांनी स्पष्ट उत्तर दिलं की असं स्वप्नातही घडल्याचं आठवत नाही. मग आरोप करणाऱ्यांचीही चौकशी झाली आणि त्यांनी खोटेपणा कबूल केला. भिक्खूवर निराधार गंभीर आरोप करणं हा संघादिसेस म्हणजे मोठा दोष ठरवला गेला.

याच ठिकाणी वाद मिटवण्याचे सात मार्ग येतात. संबंधितांच्या समोर निर्णय करायचा, तो सम्मुखाविनय. निर्दोषाला त्याच्या स्वच्छ स्मृतीवरून मुक्त करायचं, तो सतिविनय, जो दब्बांना मिळाला. ज्याचं मन ठिकाणावर नव्हतं त्याच्यासाठी अमूळ्हविनय. कबुलीवरून निर्णय, ते पटिञ्ञातकरण, जे आमच्या त्या मुलाचं झालं. शलाका घेऊन बहुमत, ती येभुय्यसिका. टाळाटाळ करत जबाब फिरवणाऱ्यासाठी तस्सपापियसिका. आणि भांडण इतकं वाढलं की दोन्हीकडे चुका झाल्या, तर चिखलावर गवत अंथरावं तसं ते झाकून टाकायचं, तो तिणवत्थारक. मात्र गंभीर दोषांना तो लागू नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बोलताना परमपूज्य बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या याच कामकाजाचा दाखला दिला होता. ठराव, गणसंख्या, मतमोजणी, एकदा निकाल लागलेलं प्रकरण पुन्हा न उकरणं, हे सारं संघाला ठाऊक होतं, हे त्यांनी देशाला सांगितलं. आपण त्या परंपरेचे वारस म्हणवतो, आणि तेरा वर्षांच्या मुलीला व्हॉट्सॲपवर एका ओळीत बाद करतो!

म्हणून यंदापासून विहाराच्या प्रत्येक स्पर्धेसाठी आम्ही नियम लिहून फळ्यावर लावले आहेत. ते स्मरणिकेत राहावेत म्हणून इथे देतो.

१. संशय आला तर तो पंचांना खासगीत सांगायचा. ग्रुपवर नाव घ्यायचं नाही.
२. ज्याच्यावर आरोप, त्याला पालकांसमोर बसवून आधी विचारायचं. विचारल्याशिवाय निर्णय नाही.
३. एका डावावरून कुणालाही दोषी धरायचं नाही. सगळे डाव जाणकाराकडून तपासून घ्यायचे आणि आधार खेळाडूला दाखवायचा.
४. त्या खेळाडूशी हरलेला किंवा त्याचा नातेवाईक असलेला पंच त्या प्रकरणात बसणार नाही.
५. निर्णयावर दाद मागता येईल, आणि ती वेगळी माणसं ऐकतील. त्यात महिला मंडळाची एक सदस्या असेल.
६. कबूल करणाऱ्याला ठरावीक मुदतीची शिक्षा, आणि मुदत संपल्यावर त्याचा उल्लेखही नाही.
७. निर्णय चुकला तर जिथे नाव घेतलं, तिथेच माफी.

सातव्या नियमाचं पालन आम्ही आज करतो आहोत. त्या मुलीचं नाव आम्ही इथे घेत नाही, कारण तिने तसं सांगितलं आहे. ग्रुपवर नाव घेतलं होतं, तिथे नाव घेऊन माफी मागितली आहे. पण भांडण या सभागृहात झालं होतं, म्हणून या सभागृहातही सांगतो: ती निर्दोष होती, चूक आमची होती. तीन महिन्यांनी ती वर्गात परत आली. तिची आई मागच्या पौर्णिमेला आली. चपात्या लाटताना कुणी विषय काढला नाही. हाच आमचा तिणवत्थारक.

मोठ्या संकेतस्थळांना आम्ही सुधारू शकत नाही. त्यांच्याकडे आमची मागणी एवढीच की कारण सांगा, ऐकून घ्या, आणि आमच्या भाषेतली शिवी ओळखणारा एक तरी माणूस ठेवा. पण आपल्या हातात जेवढा पट आहे, चौसष्ट घरांचा, तेवढ्यावर तरी न्याय झाला पाहिजे. विनयात आरोप करणाऱ्यालाही पाच गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: योग्य वेळी बोलतो का, खरं बोलतो का, मृदू बोलतो का, हिताचं बोलतो का, मैत्रीने बोलतो का. मुलांनो, या पाचांतली एकही नसेल तेव्हा बटण दाबू नका. आणि मोठ्यांनो, आपणही नको.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम! नमो बुद्धाय!